धान्य, पीठ की भाकरी? कंपाइल केलेल्या शेडरच्या रूपांचा इतिहास

गेल्या वेळी आपण ग्राफिक्स चिपच्या आत डोकावून पाहिलं होतं. आज त्याच चिपच्या दारात उभं राहून एक प्रश्न विचारायचा आहे. वरवर पाहता तो अगदी कारकुनी वाटेल: आपण लिहिलेला शेडर त्या चिपपर्यंत पाठवायचा तरी कोणत्या रूपात?

एक ताजं उदाहरण घेऊ. एसडीएल ही गेम लिहिणाऱ्यांची जुनी, विश्वासातली लायब्ररी. तिची तिसरी आवृत्ती जानेवारी २०२५ मध्ये स्थिर म्हणून बाहेर आली आणि तिच्यासोबत ग्राफिक्सचा एक नवा भाग आला. तो वापरायला गेलात की पहिल्याच पायरीवर लायब्ररी तुम्हाला विचारते, तुमच्याकडे शेडर कोणत्या रूपात आहेत? स्पिर-व्ही? डीएक्सबीसी? डीएक्सआयएल? मेटलचा मजकूर? की मेटललिब? नवशिक्या माणूस इथेच बिचकतो. त्याला वाटतं, मी एक शेडर लिहिला, तो सगळीकडे चालायला हवा; ही पाच नावं कुठून आली?

ती नावं कुठून आली हाच आजचा विषय. आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो. यातलं प्रत्येक रूप म्हणजे एका वाटणीची खूण आहे. गेम लिहिणारा, कार्यप्रणाली बनवणारा आणि चिप बनवणारा, या तिघांपैकी कंपाइल करण्याचं ओझं कोणी किती उचलायचं, याची ती वाटणी. ती वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळी केली, म्हणून आज पाच नावं आहेत.

प्रश्न मुळात येतोच का?

ज्यांनी गेलं व्याख्यान ऐकलं नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. शेडर म्हणजे एक छोटा प्रोग्रॅम. पिक्सेल शेडर पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्यासाठी चालतो आणि त्या ठिपक्याचा रंग ठरवतो. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. सेकंदाला साठ वेळा चित्र काढायचं तर प्रत्येक ठिपक्याला एकदा म्हटलं तरी तो छोटा प्रोग्रॅम सेकंदाला सुमारे साडेबारा कोटी वेळा चालतो. म्हणून तो चिपच्या स्वतःच्या यंत्रभाषेत असायलाच हवा.

मग यंत्रभाषेतच का पाठवू नये? आपला नेहमीचा प्रोग्रॅम आपण तसाच पाठवतो ना! इंटेलच्या वंशातल्या प्रोसेसरसाठी वीस वर्षांपूर्वी कंपाइल केलेला प्रोग्रॅम आजही बऱ्याचदा चालतो, कारण ती यंत्रभाषा जपायचं वचन त्या कंपन्यांनी पाळलं. ग्राफिक्स चिपवाल्यांनी असं वचन कधीच दिलं नाही. एएमडीचं उदाहरण बघा. त्यांच्या चिप बरीच वर्षं एका सूचनेत पाच कामं बांधून घेत. २०१० च्या अखेरीस आलेल्या काही चिपमध्ये पाचाची चार झाली. आणि जानेवारी २०१२ मध्ये बाजारात आलेल्या रेडिऑन एचडी ७९७० मध्ये ही सगळी पद्धतच मोडीत काढून जीसीएन नावाची नवी रचना आली. थोडक्यात, सव्वा वर्षात दोनदा यंत्रभाषा बदलली. पण जुने गेम नव्या कार्डावर चालत राहिले, कारण त्या गेमसोबत यंत्रभाषेतले शेडर आलेलेच नव्हते. मधलं रूप आलं होतं आणि शेवटचं भाषांतर ड्रायव्हर करत होता. ड्रायव्हर म्हणजे चिप बनवणाऱ्याने आपल्या संगणकावर बसवलेला त्याचा मुनीम म्हणा.

आता आपल्या स्वयंपाकघरातली एक तुलना घेऊ, ती पुढे उपयोगी पडेल. शेडरचा मूळ मजकूर म्हणजे धान्य. मधलं कंपाइल केलेलं रूप, ज्याला बाइटकोड म्हणतात, ते पीठ. आणि यंत्रभाषा म्हणजे भाजलेली भाकरी. भाकरी लगेच खाता येते, पण ती ज्या तव्यावर भाजली त्याच घरची, आणि उद्या शिळी. धान्य टिकतं, कुठेही जातं, पण ज्याच्या घरी जाईल त्याला दळायला बसावं लागतं. पीठ या दोघांच्या मधलं. पण पिठाची एक गोष्ट गिरणीतच ठरून जाते: जाडं दळलं की बारीक, भाकरीसाठी की पुरणपोळीसाठी.

हा विचार ग्राफिक्सवाल्यांनी शोधला असंही नाही. १९५८ मध्येच अमेरिकेत अनकॉल नावाच्या सर्वसामान्य मधल्या भाषेची कल्पना मांडली गेली. दहा भाषा आणि दहा यंत्रं असतील तर शंभर कंपायलर लिहावे लागतात. मध्ये एकच भाषा ठेवली तर वीस भाषांतरांत काम भागतं. हिशेब बिनतोड होता. अनकॉल मात्र प्रत्यक्षात कधी उभी राहिली नाही, कारण सगळ्या यंत्रांना सारखीच मानवेल अशी मधली भाषा ठरवता येईना. हा अडथळा लक्षात ठेवा. आजच्या गोष्टीत तो पुन्हा पुन्हा येणार आहे.

दोन वाटा: २००० ते २००४

नोव्हेंबर २००० मध्ये मायक्रोसॉफ्टचं डायरेक्टएक्स ८ आलं आणि घरगुती संगणकावर शेडर लिहिता येऊ लागले. ते लिहायचे जवळजवळ असेंब्लीत, हाताने. मर्यादा ऐकून आज हसू येईल. सुरुवातीच्या व्हर्टेक्स शेडरमध्ये जास्तीत जास्त १२८ सूचना, आणि पिक्सेल शेडरमध्ये आठ गणिताच्या आणि चार टेक्स्चरच्या, बस्स. या सूचनांचे ३२ बिटांचे आकडे बनायचे आणि ते आकडे ड्रायव्हरच्या हातात जायचे. पीठ जन्माला आलं ते असं.

डिसेंबर २००२ मध्ये डायरेक्टएक्स ९ सोबत एचएलएसएल ही सी भाषेच्या वळणाची शेडरभाषा आली. तिचा कंपायलर मायक्रोसॉफ्टने स्वतः लिहिला. चिपवाल्यांना मूळ मजकूर दिसायचाच नाही, फक्त बाइटकोड दिसायचा. गिरणी एकच, आणि ती मायक्रोसॉफ्टची.

ओपनजीएलची मंडळी नेमक्या उलट्या वाटेने गेली. २००१ मध्ये थ्रीडीलॅब्ज या कंपनीने ओपनजीएल २.० चा प्रस्ताव मांडला. त्यातून जीएलएसएल ही भाषा घडली आणि सप्टेंबर २००४ मध्ये ती ओपनजीएलचा अधिकृत भाग झाली. नियम असा की शेडरचा मजकूर जसाच्या तसा ड्रायव्हरला द्यायचा आणि कंपायलर ड्रायव्हरच्या आतच असेल. धान्य घरोघर पोचवा, ज्याची त्याची जात्यावर दळणं.

यामागचा विचार अगदी सरळ होता. चिपची रचना दरवर्षी बदलते. आज एखादं मधलं रूप ठरवून टाकलं तर ते आजच्या चिपच्या सवयींत अडकेल आणि उद्याच्या चिपला त्याचा जाच होईल. मूळ मजकुरात लेखकाचा हेतू शाबूत असतो. तो थेट चिपवाल्याला द्या, त्याची चिप त्यालाच चांगली ठाऊक. एक व्यावहारिक बाजूही होती. मायक्रोसॉफ्टसारखा एक मालक ओपनजीएलला नव्हता, समिती होती. सगळ्यांसाठी एकच कंपायलर कोणी लिहायचा आणि पुढे सांभाळायचा, हा प्रश्न होताच.

मग बरोबर कोण ठरलं? दोघंही, आणि दोघांनाही त्याची किंमत मोजावी लागली.

पिठाची अडचण

आधी मायक्रोसॉफ्टची बाजू पाहू. डायरेक्टएक्स ९ च्या काळात दोन चिप समोरासमोर होत्या, एटीआयची रेडिऑन ९७०० आणि एनव्हिडियाची जीफोर्स एफएक्स. जीफोर्स एफएक्सची एक खोड होती. शेडरने जितके जास्त तात्पुरते रजिस्टर वापरावेत तितकी ती मंदावायची. रेडिऑनला याचं तेवढं काही वाटत नसे. एकाच गिरणीतलं पीठ एकीला मानवलं, दुसरीला नाही. अखेर २००३ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या कंपायलरमध्ये एनव्हिडियासाठी पीएस २-ए हे वेगळं लक्ष्य घातलं, आणि पुढे एटीआयच्या नव्या चिपसाठी पीएस २-बी. सगळ्यांसाठी एक म्हणून ठरवलेल्या रूपाच्या तीन जाती झाल्या. अनकॉलची अडचण इथे परत भेटली.

दुसरी गोष्ट जास्त खोल आहे. त्या काळच्या चिप चार-चार आकड्यांच्या गठ्ठ्यावर काम करत, कारण रंगाला चार घटक असतात आणि बिंदूलाही चार. साहजिकच बाइटकोडही चार आकड्यांच्या रजिस्टरांभोवती रचला गेला. मग नोव्हेंबर २००६ मध्ये एनव्हिडियाची जीफोर्स ८८०० आली. ती आतून एकेका आकड्यावर काम करणारी निघाली. पुढे बाकीचेही त्याच दिशेने गेले. पण डायरेक्टएक्स १० पासूनचा डीएक्सबीसी हा बाइटकोड चाराच्या गठ्ठ्यांचाच राहिला. म्हणजे मायक्रोसॉफ्टचा कंपायलर मेहनतीने सगळं चार-चारात दाबून बसवायचा आणि ड्रायव्हर तेवढ्याच मेहनतीने ते सोडवायचा. थ्रीडीलॅब्जने ज्याची भीती घातली होती ते हेच.

धान्याची अडचण

आता ओपनजीएलची बाजू. जितके ड्रायव्हर तितके कंपायलर, आणि जितके कंपायलर तितक्या तऱ्हा. एनव्हिडियाचा कंपायलर त्यांच्या आधीच्या सीजी या भाषेवरून आलेला होता आणि स्वभावाने सैल होता. जीएलएसएलच्या पहिल्या आवृत्तीत अपूर्णांकाच्या जागी १.० असंच लिहावं लागे; नुसतं १ लिहिलं तर ती चूक. एनव्हिडियाचा कंपायलर ते खपवून घ्यायचा. गेम लिहिणारा स्वतःच्या यंत्रावर तपासून खुशीत पाठवून द्यायचा आणि दुसऱ्या कंपनीचं कार्ड असलेल्या गिऱ्हाइकाकडे पडदा काळा. ही चूक छोट्या गटांना फार महाग पडायची. मोठी कंपनी दहा प्रकारची कार्डं विकत घेऊन तपासते. घरी बसून लिहिणारे दोघंजण काय करणार?

याशिवाय दळायला वेळ लागतो. गेम सुरू होताना शेकडो शेडर कंपाइल होत बसायचे. मोबाइलवर तर कंपायलर ठेवायलाच जागा अपुरी. म्हणून २००७ च्या ओपनजीएल ईएस २.० मध्ये कंपायलर ऐच्छिक ठेवला आणि चिपवाल्याच्या स्वतःच्या रूपातला तयार शेडर घ्यायची सोय दिली. २०१० मध्ये ओपनजीएल ४.१ ने एकदा भाजलेली भाकरी डब्यात ठेवायची सोय केली, म्हणजे कंपाइल झालेला प्रोग्रॅम साठवून पुढच्या वेळी परत द्यायचा. पण ड्रायव्हर बदलला की तो ती नाकारू शकतो. म्हणून धान्य सोबत ठेवावंच लागे.

२०११ मध्ये वेबजीएल आलं आणि गंमत पूर्ण झाली. वेबपानावरचा शेडर जीएलएसएलच्या मोबाइल बोलीत लिहिलेला. विंडोजवर मात्र ब्राउझरला डायरेक्टएक्सवर जास्त भरवसा. म्हणून गूगलच्या अँगल या प्रकल्पातून तो मजकूर एचएलएसएलमध्ये जायचा, तिथून मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरने डीएक्सबीसीत आणि मग ड्रायव्हरने यंत्रभाषेत. एक रंग ठरवायला तीन भाषांतरं!

सगळ्यांचं पीठ: स्पिर-व्ही

या सगळ्या त्रासातून क्रोनोस या उद्योगसंघाने धडा घेतला. ओपनजीएल, ओपनसीएल यांची प्रमाणकं ठरवणारी ही संस्था. २०१२ मध्ये त्यांनी ओपनसीएलसाठी स्पिर नावाचं मधलं रूप आणलं. ते एलएलव्हीएम या प्रसिद्ध कंपायलर प्रकल्पाच्या अंतर्गत भाषेवर आधारलेलं होतं, आवृत्ती ३.२. चूक इथे झाली. एलएलव्हीएमची अंतर्गत भाषा ही त्या कंपायलरची स्वतःची कच्ची वही आहे. ते लोक ती हवी तशी बदलणार, आणि त्यांनी ती बदलायलाच हवी. दुसऱ्याच्या कच्च्या वहीवर प्रमाणक बांधता येत नाही.

म्हणून २०१५ मध्ये जाहीर झालेलं स्पिर-व्ही मुळापासून स्वतंत्र रचलं. ३२ बिटांच्या शब्दांची सरळ माळ. सुरुवातीला ठरलेला ओळखीचा आकडा, मग आवृत्ती, मग एकेक सूचना. प्रत्येक सूचना स्वतःची लांबी स्वतःच सांगते, त्यामुळे जी सूचना वाचणाऱ्या साधनाला ओळखू येत नाही ती ओलांडून पुढे जाता येतं. फेब्रुवारी २०१६ मध्ये आलेल्या व्हल्कनने हेच रूप पत्करलं. ज्या घराण्याने बारा वर्षांपूर्वी मजकुराचा आग्रह धरला होता, त्यानेच तो सोडला. २०१७ मध्ये ओपनजीएल ४.६ नेही स्पिर-व्ही आत घेतलं.

याने काय साधलं? व्याकरण तपासायचं काम ड्रायव्हरकडून निघून एका सामायिक, खुल्या कंपायलरकडे आलं. १ की १.० हा वाद आता लिहिणाऱ्याच्याच यंत्रावर मिटतो, गिऱ्हाइकाच्या घरी नाही. शिवाय स्पिर-व्ही क्रॉससारख्या साधनांनी या पिठातून परत जीएलएसएल, एचएलएसएल किंवा मेटलचा मजकूर काढता येऊ लागला. घरी बसून लिहिणाऱ्या त्या दोघांना याचा सर्वात जास्त फायदा झाला.

मग सगळ्यांनी तेच का घेतलं नाही? ॲपलने २०१४ मध्येच मेटल आणलं होतं. सी++ च्या वळणाची भाषा आणि स्वतःची कंपाइल केलेली मेटललिब फाइल. मायक्रोसॉफ्टने डीएक्सबीसीला निवृत्त करायचं ठरवून डीएक्सआयएल आणलं आणि जानेवारी २०१७ मध्ये त्याचा कंपायलर खुला केला. चाराचे गठ्ठे गेले, हे चांगलं झालं. पण पाया कशाचा? एलएलव्हीएमची आवृत्ती ३.७. एलएलव्हीएम पुढे निघून गेलं आणि हा कंपायलर त्या जुन्या आवृत्तीला बांधला गेला. क्रोनोसला जो धडा ओपनसीएलच्या वेळी मिळाला, तोच मायक्रोसॉफ्टला स्वतःच्या अनुभवातून घ्यावा लागला. सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांनी जाहीर केलं की शेडर मॉडेल ७ पासून डायरेक्टएक्सही स्पिर-व्हीच स्वीकारेल. चोवीस वर्षांनी दोन्ही वाटा एका फाट्यावर आल्या.

वेबने मात्र पुन्हा धान्यच निवडलं. वेबजीएलच्या जागी येणाऱ्या वेबजीपीयूचं काम २०१७ मध्ये सुरू झालं, आणि स्पिर-व्ही घ्यायचं की मजकुराची भाषा, यावर दीर्घ वाद झाला. ॲपलने एचएलएसएलच्या वळणाची एक भाषा सुचवली होती. शेवटी डब्ल्यूजीएसएल ही नवी मजकुराची भाषा ठरली आणि २०२३ मध्ये क्रोमच्या ११३ व्या आवृत्तीत ती लोकांपर्यंत पोचली. यालाही कारण आहे. ब्राउझर अनोळखी माणसाचा प्रोग्रॅम तुमच्या यंत्रावर चालवतो. पीठ आलं तरी त्याला ते कणाकणाने तपासावंच लागतं, आणि पुढे विंडोज, मॅक, अँड्रॉइड यांच्यासाठी पुन्हा बदलावंही लागतं. मग मध्ये पीठ आणून वाचवलं काय?

भाकरी आणि जुने गेम

राहिली भाकरी. प्लेस्टेशनसारख्या कन्सोलवर ती पहिल्यापासून चालते, कारण तिथे लाखो घरांत एकच तवा. संगणकावर मात्र पीठ मिळालं तरी भाजणं उरतंच, आणि ते खेळाच्या ऐन मध्ये झालं की चित्र अडखळतं. २०२२ मध्ये व्हॉल्व्हचं स्टीम डेक आलं. सगळ्यांची चिप सारखीच असल्याने व्हॉल्व्ह तयार शेडर आधीच पाठवू शकतं, आणि ते अडखळणं बरंच कमी होतं. संगणक थोडा कन्सोलसारखा झाला.

पण आम्हाला या स्टीम डेकची दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. त्यावर लिनक्स आहे, डायरेक्टएक्स नाही. तरीही विंडोजचे जुने गेम चालतात, कारण डीएक्सव्हीके नावाचं खुलं साधन त्या गेममधला जुना बाइटकोड वाचून चालता चालता स्पिर-व्हीत बदलतं. विचार करा, एखादा गेम बनवणारी कंपनी बंद झाली, मूळ मजकुराच्या फाइली कुठल्या कपाटात गेल्या कोणास ठाऊक. उरला तो फक्त बाइटकोड. त्याच्या आधारावर तो गेम त्याच्या कर्त्यांनी कधी न पाहिलेल्या यंत्रावर आज जिवंत होतो. त्या जागी यंत्रभाषा असती तर त्या चिपसोबत तो गेमही गेला असता.

म्हणून रूप निवडताना आजचा वेग आणि आजची सोय एवढंच पाहून चालत नाही. वीस वर्षांनी, तुम्ही नसताना, हे कोणाला वाचता येईल का, हेही पाहावं लागतं. ज्या रूपाची व्याख्या लिहून ठेवलेली आहे आणि खुली आहे, ते वाचता येतं. दुसऱ्याच्या कच्च्या वहीवर बांधलेलं रूप वाचायला ती वहीही जपून ठेवावी लागते.

आता शेवटी तो नवशिक्या, एसडीएलसमोर बिचकलेला. त्याला आम्ही एवढंच सांगू. फक्त व्हल्कनसाठी लिहीत असशील तर स्पिर-व्ही, दुसरा विचार नको. विंडोज आणि मॅकही हवे असतील तर एकाच एचएलएसएल मजकुरातून स्पिर-व्ही, डीएक्सआयएल आणि मेटल अशी तिन्ही रूपं आपल्याच यंत्रावर काढ आणि तिन्ही सोबत दे. फाइली लहान असतात, जागेची चिंता करू नकोस. आणि मूळ मजकूर, कंपायलरची आवृत्ती आणि दिलेले पर्याय हे तिन्ही एकत्र लिहून जपून ठेव. पीठ कितीही चांगलं असलं तरी शेतकरी बियाणं विकून टाकत नाही.

आज इथेच थांबू. पुढच्या वेळी आपण ड्रायव्हरच्या आत शिरून ती भाकरी प्रत्यक्ष भाजली जाते कशी, ते पाहू.